लाभ, दोन, तीन

शकुबाईंना माणसांचा तिटकारा आहे असं गाव म्हणायचं, आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं. सहा वर्षांच्या आतल्या माणसांना तेवढी त्यांनी सूट दिली होती. बाकी कोणीही समोर आलं की त्यांच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर जायचा, आणि समोरच्याला आपल्या सदऱ्याची बटणं नीट लागली आहेत का ते बघावंसं वाटायचं. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा त्या पत्र्याची पेटी उचलून माहेरी आल्या. शेजारच्या बाया रडायला जमल्या, तर यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. "त्याच्यापरीस माह्या बापाचा बैल शहाणा हाय," एवढंच बोलल्या आणि पाय धुवायला गेल्या.

कोंढ्याच्या बाजारापासून दोन कोसांवरचं ते गाव. मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि देवळाच्या पडवीत बालवाडी. १९७५ साली बालवाडी निघाली तेव्हा गावात सातवी पास झालेली बाई एकच होती, म्हणून काम शकुबाईंना मिळालं. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भैयाजी. गावातलं निम्मं धान त्यांचं, म्हणून अध्यक्षपणही त्यांचंच. लहान पोरांशी त्यांचा संबंध एवढाच, की पोरं त्यांच्या अंगणात शिरली की ते काठी आपटायचे.

दरवर्षी फेब्रुवारीत पाहणी व्हायची. तालुक्याहून पुंडलिकराव नावाचे साहेब जीपने येत. मूळचे नागपूरचे, शेतीशी त्यांचा संबंध ताटातल्या भातापुरता. ते खुर्चीत बसत, गळ्यात हार घालून घेत, स्वागतगीत ऐकताना डोळे मिटत आणि गाणं संपल्यावरही बराच वेळ ते उघडत नसत. मग पोरं एका सुरात एक ते वीस म्हणत. साहेब चहा पीत, रजिस्टरात 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारत आणि भैयाजींच्या घरचा दहा पायल्या वासाचा चिन्नोर तांदूळ जीपमध्ये टाकून निघून जात. याला सगळे पाहणी म्हणत. शकुबाईंना त्या माणसाची किळस यायची. पण ज्या गाण्याला त्या नाकं मुरडायच्या, तेच गाणं जून महिना लागल्यापासून पोरांकडून घोटूनही त्याच घ्यायच्या. आठ वर्षं घोटलं. यात काही विसंगत आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

ते वाटलं १९८३च्या दिवाळीनंतर. भैयाजींची नात बालवाडीत पहिल्या रांगेत बसायची, गळा खणखणीत. ती आईबरोबर मामाच्या गावाला गेली होती. कापणीचे दिवस, त्यामुळे पोरंही निम्मीच. शकुबाईंनी नेहमीप्रमाणे टाळी वाजवली आणि "एक" म्हणाल्या. पुढे काही झालंच नाही. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. ती नात 'दोन' म्हणायची आणि बाकीची सगळी तिच्या मागे फरफटत जायची, एवढाच त्यांच्या अंकांचा मामला होता.

मग शकुबाईंनी आठ वर्षांत केलं नव्हतं ते केलं. एकेका पोराला जवळ बोलावलं, पुढ्यात दहा चिंचोके टाकले आणि बोट ठेवून मोजायला सांगितलं. एकाचं तोंड वीसवर पोचलं तरी बोट तिसऱ्याच चिंचोक्यावर. दुसऱ्याचं बोट सगळे चिंचोके फिरून आलं, तोंड चारच्या पुढे सरकेना. एकाने चिंचोका गिळला. कापणी आटोपून सगळी परत येईतो सत्तावीस पोरांची तपासणी झाली, आणि नीट मोजणारी निघाली चार. लहान-मोठं, कमी-जास्त, यातही तीच रड. सहा महिन्यांत आपण शिकवलं काय, तर तोंड उघडायला. त्या दिवशी घरी येऊन त्या वेणी घालायला आरशापुढे बसल्या, तेव्हा ओठाचा कोपरा वर गेलेलाच होता, आणि समोर दुसरं कोणी नव्हतं.

खरं तर तपासणी सव्वीस पोरांचीच झाली होती. सत्ताविसावी तुळसा. रुखमा नावाच्या मजूर बाईची पाच वर्षांची पोर, पडवीच्या खांबाला टेकून बसायची, वर्षभरात तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिच्यापुढे चिंचोके कशाला टाकायचे, म्हणून शकुबाईंनी न विचारताच तिच्या नावापुढे फुली मारून ठेवली होती.

दोन दिवसांनी त्या रुखमाच्या खळ्यावरून चालल्या होत्या. खळं म्हणजे तिच्या अर्ध्या एकराच्या पिकापुरती हातभर जागा. रुखमा पायली भरून पोत्यात ओतत होती, आणि तुळसा प्रत्येक पायलीला तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, एक काडी मोडून जमिनीवर मांडत होती. "लाभ. दोन. तीन. चार." मोजणीत पहिल्या मापाला तिकडे कोणी 'एक' म्हणत नाही, एक म्हटलं की रास आटते, म्हणून 'लाभ' म्हणायचं. चौदा पायल्या झाल्या, आणि काड्याही चौदाच.

शकुबाई बांधावरच थबकल्या.

"तुले मोजता येते वं?"

तुळसाने मान हलवली.

"मंग बालवाडीत काहून बोलत नाई?"

"तिथं मोजाले काहीच नसते," तुळसा म्हणाली.

असा अपमान शकुबाईंचा त्यांच्या नवऱ्यानेही केला नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अपमान करणाऱ्याबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवसापासून स्वागतगीत बंद, एका सुरात अंक म्हणणं बंद. गाणी ठेवली ती फक्त उड्या मारायची. घरातून त्यांनी कान तुटलेली एक जुनी पायली आणली, करवंट्या आणल्या, तलावाकाठची वाळू पोरांकडूनच वाहून आणवली. वयाप्रमाणे बसवलेल्या रांगा मोडल्या आणि तपासणीतल्या फुल्या आणि बरोबरच्या खुणा बघून पोरांचे तीन गट केले. मोजता येणाऱ्यांनी वाळू मापायची आणि काडी मांडायची. अडखळणाऱ्यांनी पाचाच्या आतच खेळायचं. ज्यांना काहीच उमगत नव्हतं, त्यांनी एका पोरापुढे एक वाटी मांडायची आणि खाऊ वाटताना कोण उपाशी राहिलं ते सांगायचं. दर शनिवारी पुन्हा चिंचोके, पुन्हा एकेकटं, आणि ज्याला जमलं तो पुढच्या गटात. खांबाजवळची तुळसा आता वाळूच्या ढिगाजवळ बसायची आणि मोठ्या पोरांच्या चुका काढायची. जानेवारी सरता सरता सत्तावीसपैकी एकोणीस पोरं दहापर्यंत हाताने मोजायला लागली. मोजायची अर्थात 'लाभ'पासून. ते शकुबाईंना खटकलंच नाही; त्यांच्या बापाच्या खळ्यावरही त्यांनी तेच ऐकलं होतं.

हे भैयाजींच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यांची धाकटी सून मॅट्रिक झालेली होती आणि दिवसभर घरात सासूशी भांडत होती. तिला बालवाडीवर चिकटवली की घरात शांतता होणार होती. फक्त निमित्त हवं होतं.

"गाणं काहून बंद केलं, शकुबाई?" त्यांनी देवळापुढे विचारलं.

"नुसती बोंबलत होती जी पोरं. समजत काहीच नव्हतं."

"साहेबाले तरी काय समजते? पण त्यायले गाणं लागते. यंदा शेरा खराब आला त मले बाई बदलवा लागन. मंग मले बोल लावू नका."

बाई बदलणं म्हणजे काय ते शकुबाईंना पक्कं ठाऊक होतं. सून बालवाडीत, आणि आपण भावजयीच्या चुलीपुढे, तिने वाढलेलं खात आणि तिचं तोंड बघत, मरेपर्यंत. पाहणीला तीन आठवडे होते. गाणं पुन्हा बसवायला तेवढे पुरले असते. त्यांनी एकदा टाळी वाजवायला हात वरही केले. पण पडवीत पोरं वाळू मापत होती, कोणाचं तरी आठवं माप चालू होतं, आणि मध्येच टाळी वाजवली तर त्याचा हिशेब चुकला असता. हात खाली आले.

पुंडलिकराव आले, हार घालून घेतला, खुर्चीत बसून डोळे मिटले. गाणं काही येईना, तेव्हा त्यांनी ते उघडले. झोपमोड झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

"गीत?"

"यंदा नाही बसवलं," शकुबाई म्हणाल्या.

"बरं, अंक?" साहेबांनी जवळ बसलेल्या तुळसाला उभं केलं आणि खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं. "हे किती?"

"लाभ."

"काय?" त्यांनी दुसरं पेन काढलं. "हे?"

"दोन."

त्यांनी एक पेन परत खिशात टाकलं. "आता?"

"लाभ."

"या मुलीला एक हा अंक माहीत नाही," साहेबांनी जाहीर केलं.

"जी, आमच्या इकडं मोजणीत पहिल्याले लाभच म्हणते. पोरीले सगळं येते. काड्या देऊन पाहा."

"बाई, पुस्तकात लाभ नाही."

साठ वर्षं आपल्या खळ्यावर 'लाभ' ऐकत आलेले भैयाजी शेजारीच उभे होते. त्यांनी च् च् केलं. "मी त सांगू सांगू थकलो, साहेब," ते म्हणाले. पुंडलिकरावांनी रजिस्टर मागवलं आणि लिहिलं: 'अंकज्ञान शून्य. शिकविण्याची पद्धत अयोग्य. सेविका बदलावी.' हातातला चहाचा कप खाली न ठेवता लिहिलं. एका बाईचं सारं आयुष्य उचलून फेकायला त्यांना एकच हात पुरला.

मग पाहणीचा खरा भाग सुरू झाला. जीपजवळ भैयाजींच्या माणसाने, तेजरामने, पोतं उघडलं. "लाभ," तो खच्चून ओरडला आणि पहिली पायली साहेबांच्या थैलीत ओतली. साहेबांच्या कपाळावर आठी उमटली नाही. तांदळाच्या बाबतीत त्यांना पुस्तक आठवत नव्हतं. पोरं पायरीवर खाऊची वाट बघत बसली होती, आणि रुखमा लेकीला न्यायला येऊन कोपऱ्यात उभी होती. तेजराम भैयाजींशी बोलत बोलत पायल्या ओतत गेला. "दहा," म्हणून त्याने थैलीचं तोंड बांधायला घेतलं.

"नऊच झाली," तुळसा म्हणाली.

"गप वं," तेजराम म्हणाला.

"सहा नाई झाली. पाचच्या मांगं एकदम सात झाली." तिने पायापाशी बोट दाखवलं. तिथे तणसाच्या काड्या ओळीने मांडलेल्या होत्या.

पुंडलिकराव उठले. दिवसभरात एवढ्या चपळाईने त्यांनी काही केलं नव्हतं. अधिकारी माणूस, पण पायरीपुढे उकिडवा बसला आणि एकेका काडीला बोट लावून मोजू लागला. काड्या नऊ. भैयाजी हसले, "चुकला असन तो," म्हणाले, आणि तेजरामने खाली मान घालून दहावी पायली ओतली. साहेबांनी तुळसाच्या गालाला हात लावला.

"हुशार आहे पोरगी," ते म्हणाले.

शकुबाई रजिस्टर घेऊन पुढे आल्या. ते पान उघडंच होतं, शाई नुकती वाळली होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "जिले अंक येत नाही म्हणून तुम्ही लिहिलं, तिच्याच मोजणीवर ही पायली तुम्ही भरून घेतली. दोन्ही खरं नाही होऊ शकत. शेरा तरी खोडा, नाहीतर पायली तरी ओतून द्या."

पुंडलिकरावांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजी देवळाच्या कळसाकडे बघत होते. साहेबांनी रजिस्टरकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं. चिन्नोराचा वास जीपभर सुटला होता. तांदूळ काही त्यांनी ओतला नाही.

शेऱ्यावर रेघ मारून, खाली 'प्रगती समाधानकारक' लिहून, सही करून ते जीपमध्ये बसले. शकुबाईंनी रजिस्टर काखेत घेतलं. आपली नोकरी एका पायली तांदळावर राहिली, याचा त्यांना आनंद झाला नाही. किळस आली, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. भैयाजींनी आपल्या सदऱ्याची बटणं चाचपली.

पायरीपाशी रुखमा वाकून तणसाच्या काड्या गोळा करत होती. एकेक उचलून पदरात बांधत होती.

"त्या कायले घेऊन राहिली वं?" शकुबाईंनी विचारलं.

"उद्या भैयाजीच्या खळ्यावर मजुरीचं धान भेटते," रुखमा म्हणाली. "आमचंबी तेजरामच मोजते. हिले संगं घेऊन जातो."