पित्ताचा कौल

आमच्या पार्से गावात माणसाला मन नसतं. पोट असतं, गुडघे असतात, साखर असते, आणि बाकी जे काही बिघडतं त्याला पित्त म्हणतात. नवरा बोलेनासा झालेली बाई, नोकरीत कुजलेला कारकून, पोरगा परदेशातून फोन करत नाही म्हणून सुकलेला म्हातारा, सगळ्यांना पित्त. पेडण्याच्या हायस्कुलात मी फळ्यावर त्रिकोण काढला आणि पुढचं काही आठवेना, घाम फुटला, खडू हातातून गळला, तेव्हा मुख्याध्यापकांनी पाठीवर थाप मारून निदान केलं, "सर, पित्त वाढलंय. कोकमाचं पाणी घ्या."

घेतलं. महिनाभर घेतलं. शेजारीण वाळवलेली सोलं पाठवायची, मामेभाऊ फोनवर आसनं शिकवायचा, सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा सायकलवरून न उतरता पथ्य सांगून जायचा. इतके वैद्य गावात असताना माणसं आजारी पडतातच कशी, हे मला कळेना. पण शाळा सुटल्यावर हा मास्तर काजूच्या डोंगरामागच्या बंद चिरेखाणीवर रोज कशाला जातो, हे एकाही धन्वंतरीने विचारलं नाही.

खाणीत पाणी साचलेलं असतं. मी काठावर उभा राहायचो आणि मला मरावंसं वाटायचं. आज हे सरळ लिहिता येतं, तेव्हा स्वतःशी म्हणायचीही लाज वाटायची. बायकोने तीनदा हाताला धरून मला तिथून आणलं. तिसऱ्यांदा तिने घरी न नेता थेट म्हापशाच्या बसमध्ये बसवलं आणि एका समुपदेशक बाईंसमोर नेऊन उभं केलं.

आता माझी अक्कल बघा. बाईंनी शांतपणे विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, पित्त. तीन बुधवार मी त्या बाईंना आंबट ढेकरांची साद्यंत माहिती देत होतो, आणि त्या बिचाऱ्या ऐकत होत्या. चौथ्या बुधवारी म्हणाल्या, "सर, पोटाचं झालं. आता दुसरं काही सांगता?" आणि मी रडलो. मिशीवाला, पोरांना दटावणारा, भूमितीचा मास्तर, खांदे हलवून रडलो. बाहेर आलो तर भूक लागली होती. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पण मला बाईंच्या पाटीखाली कुणीतरी बघितलं होतं. मी गावात उतरायच्या आत बातमी उतरली होती: "मास्तर पिसो जालो." म्हणजे वेडा झाला. माझे वडील पोस्टातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, पण आपल्या घरातलं अक्षर उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. त्यांनी फर्मान काढलं, देवाला कौल लावायचा. देव जा म्हणाला तरच म्हापसा. आदल्या वर्षी त्यांना स्वतःला मुतखडा झाला होता, तेव्हा देवाला विचारायची कुणाला सवड झाली नव्हती. रिक्षा बोलावून धावले होते.

सोमवारी सकाळी देवळात गेलो. आमच्याकडे देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. पण त्याआधी गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि मंडपातली मंडळी प्रत्येक वाक्याला होकार देतात. म्हणजे देवाच्या कानावर घालायचं ते आधी गावाच्या कानावर जातं. वीसेक माणसं आली होती. एरवी देवळाच्या सफाईला चारसुद्धा येत नाहीत. वडील गुरवाच्या कानाशी लागले, आणि गुरवाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक पित्ताचो तरास हा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या पित्तासाठी म्हापशाक फेऱ्यो मारूंक व्हयात, तर उजवो कौल दी. नको, तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

मी बघतच राहिलो. गावाची लाज वाटते म्हणून माझ्या बापाने चक्क देवाला थाप मारली होती!

डावी कळी पडली. देवाला कशाला बोल लावू? पित्तासाठी कोण म्हापशाला जातं? मीसुद्धा डावाच दिला असता. वडिलांचा चेहरा खुलला. "गजाल सोपली," विषय संपला, असं म्हणत मंडळी उठायला लागली. बुधवार गेला तर मीही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी खांबाला टेकून नंदीबैलासारखी मान हलवत होतो. असा माझा पुरुषार्थ.

बायको बायकांच्या बाजूने पुढे आली. आमच्या देवळात बाई गाऱ्हाणं घालत नाही. सासऱ्यांकडे न बघता तिने हात जोडले.

"रवा सगळे. देवाक फटयलात तुमी. म्हाराजा, पित्त नाय हा. ह्येका मरूचासा वाटता. चिरेखाणीकडसून तीन फाटी मिया ह्येका धरून हाडलंय. म्हापशाक ग्येलो तर ह्यो वाचतलो. ह्येका जावंक दी."

पित्ताला होकार द्यायला सरसावलेले ते वीस गळे एकदम बसले. एकजण चपला शोधायला लागला, गुरव हातातल्या तांब्याकडे बघत राहिला. वर मान करायचा मला धीर नव्हता.

मग एकच आवाज आला, चिरकलेला, मधेच तुटलेला.

"व्हय म्हाराजा."

ते माझे वडील होते.