दातांनी ऐकणारे आप्पा

पेचकसाचे पोलादी टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवायचे, त्याची लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. अक्कलकुव्याच्या हमरस्त्यावर ज्यांनी कधी मोटारसायकल दुरुस्तीला टाकली असेल, त्यांना हे ध्यान नक्की आठवत असेल. गाडी धडधडत असे आणि तिच्यावर वाकलेला हा साठी उलटलेला माणूस आरतीला उभा असल्यासारखा स्तब्ध. नवखे गिऱ्हाईक हसे. जुने गिऱ्हाईक त्याला डोळ्यांनीच गप्प करी.

सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या गॅरेजला लागूनच माझे सुट्या भागांचे दुकान आहे. आप्पांचे कान लहानपणापासून वाहत असत. उपचार कोणी केला नाही आणि ऐकणे हळूहळू गेले. माणसांचे बोलणे त्यांना ओठांवरून समजे, गाड्यांचे दातांवरून. मोजमापाच्या पट्ट्या त्यांच्याकडे होत्या, ते त्या वापरतही. पण शेवटचा शब्द दातांचा असे.

सुरतेला कामाला जाऊन आलेली पोरे त्यांच्याकडे येत आणि ‘मोठा कॅम’ टाकायला सांगत. इंजिनातल्या झडपा उघडणारा हा दांडा. त्याच्यावरचा उंचवटा जितका मोठा, तितकी झडप जास्त वेळ उघडी राहते. मग गाडी सपाटीवर वेगात किंचाळत धावते, पण चढावर संथ चालताना तिला धाप लागते. आप्पा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत, “आवाज जोयजे का जोर?”

“दोन्ही, आप्पा.”

“मंग दोन गाड्या ले.”

पोरे हिरमुसून माझ्या दुकानात येत. माझ्या कपाटात मोठे कॅम असत. मी ते विकत असे, आणि विकताना चढावाचा विषय काढत नसे. आप्पांना हे ठाऊक होते. संध्याकाळी चहा पिताना ते म्हणत, “तू कॅम ईकस, मी गाडी ऐकस. आपलं कसं जमी रे भाऊ?” त्यात राग नसे. राग असता तर मला बरे वाटले असते.

मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा एक तरुण त्यांच्याकडे येत असे. त्याच्या पाड्यापर्यंत रुग्णवाहिका पोचत नव्हती. अडलेल्या बाईला, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला तो आपल्या मोटारसायकलवर बसवून रस्त्यापर्यंत आणी. ऊसतोडीच्या हंगामात गुजरातेत असताना त्याने तिकडेच मोठा कॅम बसवून घेतला. आपल्या भागात गाडीचा आवाज मोठा तर ताकद मोठी, असा सगळ्यांचाच समज. त्याचाही तोच झाला. मग एके दिवशी कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन निघाला असता दगडांच्या चढावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. शेवटी लोकांनी तिला झोळीत घालून नेले. बाई वाचली, मूल वाचले नाही.

तो आप्पांच्या समोर उभा राहिला तेव्हा हे सारे त्याने अगदी हळू सांगितले. आप्पांनी त्याच्या ओठांवरून नजर हलवली नाही. या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

त्याच सुमारास आप्पांची दाढ सुजली होती. गाल तांबडा झाला होता, घास चावता येत नव्हता, त्यात अंगात साखर. नंदुरबारच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की दाढच नव्हे, शेजारचे हलणारे दातही काढावे लागतील.

“आप्पा, उद्याच जा,” मी म्हणालो. “हे अंगावर काढू नका.”

“पयले हाई गाडी व्हवू दे. मंग दात.”

“गाडी कुठे पळून जात नाही.”

“दात तं जातीन ना,” ते म्हणाले. “मंग ऐकसू कशावर?”

मी माझ्या कपाटातून मूळ मापाचा नवा कॅम काढून दिला. त्यांनी तो बसवला, गाडी सुरू केली, मूठ दातांत धरली. थरथर सुजलेल्या हिरडीत उतरत असणार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मूठ सुटली नाही. “नही,” म्हणाले, आणि इंजिन पुन्हा उघडले. दुसरा कॅम झाला. तोही नको. शेवटी त्यांनी आपल्या भंगाराच्या डब्यातून एका जुन्या गाडीचा बुटक्या उंचवट्यांचा कॅम शोधून काढला, अंगठा त्याच्यावरून कितीतरी वेळ फिरवला, आणि तो बसवला. या वेळी ऐकताना त्यांचा चेहरा एका बाजूने, जिथे सूज नव्हती तिथे, हसला.

पाड्यावरच्या त्या तरुणाला मागे बसवून ते स्वतः घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. “आवाज काहीच नाही, आप्पा,” तरुण साशंकपणे म्हणाला.

“चढावर इचार तिले.”

दात काढले गेले. जखम भरायला फार दिवस लागले. नंतर कवळी आली. ती घालून ते गॅरेजात आले, तेव्हा आम्ही शेजारी मुद्दाम जमलो होतो. कोणी म्हणाले, “आप्पा, नवरदेव दिसी ऱ्हायनात.” ते हसले. समोरची गाडी सुरू करून त्यांनी मूठ कवळीत धरली, डोळे मिटले. मग मूठ कपाळावर टेकवून पाहिली, कानामागच्या हाडावर टेकवली, पुन्हा कवळीत धरली. आमच्यातला एकेक जण काही काम आठवून निघून गेला. मी तेवढा उरलो.

“नुसती घरघर येस,” ते म्हणाले. “बोलत नही.”

त्यांनी गाडी बंद केली. महिन्याभरात त्यांची मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली. जाताना त्यांनी पेचकस माझ्या गल्ल्यावर ठेवला. मोठा कॅम मागायला अजून पोरे येतात. मी विचारतो, आवाज हवा की जोर? माझ्या तोंडून तो प्रश्न त्यांना दुकानदाराची खोड वाटते.

पाऊस सरल्यावर पाड्यावरचा तो तरुण आला. गाडी कुठल्याही चढावर अडत नाही, असे त्याने सांगितले. दोन बायकांना त्याने वेळेवर पोचवले होते. आता फक्त आतून बारीक कटकट येऊ लागली होती. बंद गॅरेजकडे पाहून तो म्हणाला, “आप्पा नाहीत? मग तुम्ही ऐका ना, शेठ.”

नाही म्हणवेना. मी पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ तोंडात घेतली. तिच्यावर आप्पांच्या दातांच्या खोल खाचा पडल्या होत्या. मी डोळे मिटले. डोक्याच्या कवटीत सगळे इंजिन घुमू लागले, आणि त्यात दुखणे कोणते, ते मला ओळखता आले नाही.

“काय म्हणते?” तो विचारत होता.

मी मूठ थोडी फिरवून पुन्हा धरली. त्या खाचांत माझे दात बसत नव्हते.