काखेतला काळा रंग

कुठलीही मूर्ती हातात आली की मामा आधी तिच्या पोटावर नखाने टिचकी मारायचे आणि कान लावायचे. "पोकळ आहे. ओतणाऱ्याने मेहनत घेतलीय," म्हणायचे. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. अंधेरीला जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानात मी सुपरवायझर होतो. मामा तिथले कारागीर, कुर्ल्याहून यायचे. मूर्तीला शिवण्याआधी हात धुवायचे, मग ती कुणाच्याही देवाची असो.

एकदा इटलीतली, चारशे वर्षांपूर्वीची ब्राँझची मूर्ती आली. वीतभर उंचीची. टाचांना पंख, एक हात वर, एका पायावर धावणारा देवांचा निरोप्या. मामांनी त्याचं नाव टपालवाला ठेवलं. त्याचा हलणारा पाय तेवढा घट्ट करायचा होता. पण संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, आणि आणखी एक चूक झाली तर घरी बस, असं शेठनी मला बजावलं होतं. त्यात मूर्ती काळीकुट्ट. आमच्या घरी दसऱ्याला आई देव चिंचेने घासायची, तेच डोक्यात. म्हटलं, मामा, चकचकीत करा.

त्यांनी मूर्तीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "साहेब, हा मळ नाही. करणाऱ्यानेच चढवलेला रंग आहे."

"घासा हो मामा. वेळ नाही."

मामांनी बाह्या वर सारल्या. मग घासायला बसले.

संध्याकाळी मूर्ती पाहून शेठनी कपाळावर हात मारला. मूळचा रंग गेला, तशी तिची किंमतही गेली होती. गिऱ्हाईकाने तिला हातसुद्धा लावला नाही. ते गेल्यावर शेठनी विचारलं, "कोणी केलं हे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. हे कारण मी स्वतःला अजून देतो. मी फरशीकडे पाहत राहिलो.

"मी घासली," मामा म्हणाले.

उद्यापासून येऊ नका, असं शेठनी सांगितलं. मामांनी हात धुतले, डबा पिशवीत टाकला. दारात माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "साहेब, त्याच्या काखेत बघा."

मी मूर्ती उजेडात धरली. वर केलेल्या हाताखाली नखाएवढा काळा रंग त्यांनी तसाच राखला होता. मूळचा रंग पुढे कुणाला तरी कळावा म्हणून.

शेठच्या केबिनचं दार उघडंच होतं. ती काख त्यांना दाखवली असती, तर घासणाऱ्याला सगळं ठाऊक होतं हे कळलं असतं. मग घासायला कोणी लावलं, हाही प्रश्न आलाच असता.

मी टपालवाल्याला कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं.