तॅमसिनचं झाड

इंग्लंडात राजाची आणि पार्लमेंटची लढाई चालू होती, तेव्हाची गोष्ट. जोब गॉलप आमच्या डॉर्सेटातला चाकं करणारा सुतार. माणूस तिरसट, पण त्याचं चाक कधी डगमगलं नाही. त्याच्या पोरीचे पाय मात्र कमानीसारखे वाकलेले. आईविना पोर, दिवसभर सुतारशाळेच्या अंधारात भुशावर बसून असायची. चार वर्षांची झाली तरी तॅमसिन उभी राहीना.

एकदा लंडनचे एक वैद्यबुवा गाडीचं चाक मोडलं म्हणून थांबले. पोरीला बघून म्हणाले, "या दुखण्याला इथं काय म्हणता?"

"रिकेट्स," मीच बोलले. मी शेजारीण, न विचारता बोलायची खोड आहे मला. "पाय मुरगळला की आम्ही 'रिक' झाला म्हणतो. हिची तर हाडंच मुरगळलीत."

"ग्रीकमध्ये पाठीच्या कण्याला राखिस म्हणतात. मी पुस्तकात रॅकायटिस लिहीन."

"वा! दुखणं पायाला आणि नाव पाठीला!"

ते रागावले नाहीत. पोरीला पालथी करून त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. कणाही वाकडा होता. आम्ही कुणी कधी पाहिलंच नव्हतं. जोबचा चेहरा पडला.

"नाव काहीही ठेवा, साहेब. औषध सांगा."

वैद्यबुवांनी नाही म्हणून मान हलवली आणि ते गाडीकडे वळले.

मग उरला आमचा जुना तोडगा. अ‍ॅशचं कोवळं झाड मधोमध चिरायचं, सूर्य उगवताना पोराला त्या फटीतून पार करायचं आणि झाड चिखलानं लिंपून बांधून टाकायचं. झाड सांधलं की पोर सांधलं. झाड मेलं तर काय, ते कुणी तोंडानं बोलत नाही. जोबनं पाचर ठोकली, पलीकडून मी पोर झेलली. चाकांसाठी जन्मभर अ‍ॅश तोडत आलेला तो माणूस झाडाला हात लावून म्हणाला, "जग गं बाई!"

तेव्हापासून तो रोज सकाळी तॅमसिनला खांद्यावर घालून टेकडीवर न्यायचा, झाडापाशी दिवसभर उन्हात बसवायचा. ती बुंध्याशी पाणी घालायची, झाडाशी गप्पा मारायची. सांजेला तो घेऊन यायचा.

पुढच्या वसंतात झाडाला पालवी फुटलीच नाही. मी बुंधा नखानं खरवडून पाहिला, आत सगळं सुकलेलं. जोब दुसऱ्या झाडांच्या हिरव्या डहाळ्या आणून बांधणीत खोचायला लागला. मला म्हणाला, "पोरीपुढं अवाक्षर काढलंस तर याद राख!"

सुगीत एक दिवस दुरुस्तीच्या गाड्यांची गर्दी होती, जोबला पोरीला आणायला टेकडीवर जायला उशीर झाला. मी सुतारशाळेच्या दारातच उभी होते. बघते तर तॅमसिन समोरून येतेय. बदकासारखी डुलत, पण स्वतःच्या पायांनी! जोबच्या हातातला लाकूड तासायचा वाकस खाली पडला.

"बाबा, रागावू नको हं," ती धापा टाकत म्हणाली. "झाड मेलंय. कधीचंच. तू रडशील म्हणून मी बोलले नाही, नुसतं पाणी घालत राहिले."

जोब खाली बसून तिचे पाय चाचपू लागला.

"पण बाबा, झाड मेलं, तर मग मी कशी चालले रे?"

जोबनं तिला उचलून छातीशी धरलं. आणि मी, न विचारता बोलणारी, तिच्या उन्हानं रापलेल्या गालांकडे बघत राहिले.