दोन पिशव्या माती घेऊन बारामती आणि पळसदेव

रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. वडगाव निंबाळकरचं आमचं दोन एकर रान विकून टाकायचं, असं मी ठरवत आणलं होतं. चार वर्षांपूर्वीचा माती तपासणीचा कागद सांगत होता, रान खारवलंय. तो वाचून आमच्या मालकांनी ऊस मोडला, आणि पुढच्या वर्षी ते वारले. या उन्हाळ्यात वाचनालयातल्या शेतीच्या पुस्तकात वाचलं, की मातीचा नमुना गोठ्याजवळून घेऊ नये, जनावरांच्या मुताशेणानं तिथं खार वाढलेला असतो. मी पुस्तक मिटलं. तेव्हाची माती मीच काढली होती, गोठ्यामागून. तिथं कुदळ लवकर शिरते म्हणून.

गुरुवारी सकाळी बारामतीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. मांडीवर दोन पिशव्या, एकीत वरच्या रानाची माती, दुसरीत ओढ्याकडच्या पट्टीची. दोन्ही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नागमोडी चालत, ठिकठिकाणी खड्डे घेऊन काढलेल्या. स्टँडबाहेर पोहे-चहा पस्तीस रुपयांत, पोटभर.

प्रयोगशाळेतल्या मुलीनं जुना कागद बघितला, माझी कबुली ऐकली. "काकू, ही गोठ्याची पत्रिका हाय, रानाची न्हाय." मला हसू आलं नाही. नवा निकाल उद्या दुपारी मिळणार होता.

लॉज करण्यापेक्षा भिगवणला बस बदलून पळसदेव गाठलं. मालकांच्या मित्राची बायको, रजियाभाभी, तिथं राहते. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं, एरवी बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. तुम्ही जाल तर उन्हं कलल्यावर जा. वाटेत भाभीचं रान लागलं. खारवलेल्या तुकड्यात तिनं पाणी निचरायला चर काढले, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला, आता तिथं मका उभा आहे. हे सगळं ती शेतकरी शिबिरात शिकली. "बापे मागं तंबाखू मळत बसलेले. मी इचारून इचारून त्या सायबाला घाम फोडला."

रात्री चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. जेवताना मी विचारलं, माझ्या चुकीच्या मातीपायी मालकांनी हाय खाल्ली असेल का? भाभीनं भाकरी खाली ठेवली.

"भावजी हृदयाच्या दुखण्यानं गेले, वहिनी. ते आधीपासनंच हुतं. एवढं वाचता, तर डाक्टरचा कागद बी नीट वाचा."

त्या रात्री मला झोप लागली.

शुक्रवारी बारामतीला परतून निकाल घेतला. खार फक्त ओढ्याकडच्या पट्टीत, वरचं रान चांगलं. मुलीनं दोनदा समजावलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

घरी येऊन गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून फोन केला. आमच्या भागाची भरभराट पाण्यानं झाली, असं सगळे म्हणतात. पण पाणी तर आमच्याही रानात होतं. त्याला वाट कुठून द्यायची, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

जुना कागद फाडायला घेतला. मागच्या बाजूला मालकांनी पेन्सिलीनं रानाचा उतार काढलेला, पाणी कुठं तुंबतं तिथं, ओढ्याकडच्या पट्टीत, फुली. कागद घडी घालून ठेवला. पहिला चर त्या फुलीपासून काढायचा.