परतकाढे काका आणि माझ्या लग्नाची सीडी

परतकाढे काकांनी दिलेली सीडी पुन्हा मागून नेली नाही, असं घर मुरबाड तालुक्यात शोधून सापडलं नसतं. त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पण "जरा हाललंय, परत काढतो," हे गिऱ्हाइकांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की तेच त्यांचं आडनाव झालं. माणूस लाख चांगला, पण त्याला लग्नाचं शूटिंग द्यावं म्हणजे विकतचा डोक्याला ताप!

माझं लग्न झालं, मी आटगावला सासरी गेले, दिवाळी झाली, संक्रांत झाली, सीडीचा पत्ता नाही. माहेरी जाताना मुरबाडच्या एसटी स्टँडवर उतरले की आधी त्यांच्या दुकानात. कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, मग ती सीडीवर चालेल अशी करायची, हे काम तासन्‌तास चाले. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईट तर रोजच जायची. "जरा हलक्या क्वालिटीत काढा ना, लवकर होईल," मी म्हणायचे. काका चष्म्यावरून बघायचे. "हलक्या? तोंडाचे चौकोन होतील. चालल तुला?"

मला चाललं असतं हो! घाई मला नव्हती, आईला होती. आमच्यात अक्षता पडताना नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. सगळं गाव माझं लग्न बघत होतं आणि जिने मला वाढवलं, ती मागच्या अंगणात तांब्या घेऊन पाठमोरी उभी. फोनवर तिचं एकच, "आली का गो सीडी? मला तुझ्या अक्षता बघायच्यात."

शेवटी माझा भाऊ दुकानात जाऊन ठाण मांडून बसला. काकांनी वैतागून हळदीपासून आहेरापर्यंत सगळं एकाच सीडीत कोंबून दिलं. आम्ही घरभर माणसं जमवून ती लावली. सख्खा मामा ओळखू येईना. अंतरपाट खाली गेला, तर माझ्या तोंडाच्या जागी तांबडेपिवळे चौकोन. आई टीव्हीला नाक लावून बसली होती. "ही तूच का गो?" तिने विचारलं, आणि माझा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाली, "छान हाय, छान हाय." मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी मी ती सीडी घेऊन दुकानात गेले. काकांनी ती हातात घेतली, माझ्यासमोर मोडली आणि म्हणाले, "परत काढतो."

मोडली! होती तीही गेली! मी तिथे उभी राहून त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आहेर दुसऱ्या सीडीत घालतो," एवढंच म्हणाले. "अक्षतांना जागा मोकळी पायजे, नायतर चौकोनच येनार."

उन्हाळ्यात, शेतात राब भाजायच्या दिवसांत मी माहेरी आले होते, तेव्हा काका स्वतःच दारात उगवले. काखोटीला स्वतःचा प्लेअर, कारण आमच्या प्लेअरवर त्यांचा विश्वास नव्हता. चहा नको, पाणी नको, आधी खिडकी झाका! आम्ही खिडकीला गोधडी लावली. लाईट होती, हे नशीब.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला. शालूवरची बुट्टी न्‌ बुट्टी दिसत होती. आणि मी नवऱ्याकडे बघायचं सोडून, मान वळवून मांडवाच्या कडेला, मागच्या अंगणाकडे बघत होते.

"कोनाला बघतेस गो?" आईने विचारलं.

मी सांगायच्या आत काकाच करवादले, "तुमाला, वैनी! आनखी कोनाला? त्या सीडीत हे डोळंच दिसत नव्हतं, म्हनून तर मोडली."

डोळे पुसून आईने तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तोवर काकांच्या कपाळाला आठी पडली होती.

"सनई चित्राच्या जरा मागं पडते," ते म्हणाले. "द्या इकडं. परत काढतो."

आईने उठून प्लेअरमधली सीडी काढली आणि पदराखाली घातली. "हात लावून बघा," ती म्हणाली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सीडीत सनई अजून मागं पडते, आणि आई ती अजून कुणाच्या हातात देत नाही.