गाळाचा खांब

आखातातल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये ॲना प्रदर्शनांसाठी मॉडेलं बनवायची. पुरुषभर उंचीचा गाळाचा खांब रंगवत असताना मालक, सूर्यकांत, मागे येऊन उभा राहिला.

दोघं वसईच्या एकाच गल्लीतली. ॲनाच्या घरामागचं बावखल, वाडीला पाणी पुरवणारं गोडं तळं, यानंच डेब्रिज ओतून बुजवलं आणि वर बिल्डिंग चढवली. विहीर खारट झाली, आयची केळी करपली. आय गावसभेत बोलायला उठली तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "खोटारडी बाई! पाणी आधीपासूनच तसं होतं."

तेव्हापासून आयचं एकच. "भरपाई नको मला. त्याच्या तोंडून खरं ऐकायचंय. चारचौघांत."

"हा काय केक केलायस?" सूर्यकांत म्हणाला. "शुक्रवारी मराठी मंडळाच्या फॅमिली प्रदर्शन बघायला येणार. मराठीत मीच समजावणार. जरा पाठ करून घे माझ्याकडून."

ॲनाचा ब्रश थांबला. हा स्वतःच तोंडात घालायला वाक्यं मागतोय!

"खालून बघा, सर. मध्य अमेरिकेतल्या तळ्याचा गाळ. हा काळा थर जंगलाचा. वर मक्याचे पराग, कोळशाचे कण. माया लोकांनी रान जाळून शेतं केली. मग ही जाड, फिकी माती. काठावर झाडंच उरली नाहीत, पावसानं जमीन धुऊन तळ्यात आणली."

"आणि सगळ्यात वरचा काळा?"

"माणसं निघून गेली, जंगल परत आलं."

"हां, पण शेवट दणक्यात पाहिजे."

"देते ना," ॲना गोड हसली. "म्हणा, पाणी आपोआप मरत नाही. काठावरचा माणूस त्याला मारतो, आणि वर सांगतो, पाणी आधीपासूनच तसं होतं. इथे थांबायचं, सर. लोकांकडे बघायचं."

"वा! टाळ्याच पडणार."

स्वतःचं वाक्य त्याला ओळखूही आलं नाही. बावखलापेक्षा ॲनाला या विसरण्याचाच जास्त संताप आला.

शुक्रवारी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या हॉलमध्ये वसईकरही पुष्कळ होते. ॲना पहिल्या रांगेत, हातात फोन, बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर आय. सूर्यकांतनं हातवारे करत सगळं म्हटलं. शेवटचं वाक्य तर छाती फुगवून. मग थांबला. लोकांकडे बघितलं.

त्या शांततेत लिओनार्ड अंकलचा आवाज आला. त्यांचीही विहीर त्याच बावखलाच्या काठची.

"सूर्या, आमचं बावखल पण असंच मारलंस ना रे?"

वसईकरांत हशा उसळला. सूर्यकांतचा चेहरा उतरला. "ते... ते वेगळं. तिथलं पाणी आधीपासूनच..."



"बट अंकल, यू जस्ट सेड दॅट!" एक चिमुरडी ओरडली.

"खलास!" मागून कुणीतरी म्हणालं.

तो दात खात ॲनाजवळ आला. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाहीच येणार, सर. शारजात दुसरं काम धरलंय."

फोनमधून आयचा खणखणीत आवाज आला. "ॲना, ऐकलं गं सगळं."

"समाधान झालं?"

"छे! एकदाच ऐकलं. परत म्हणायला सांग त्याला."

ॲनानं फोन सूर्यकांतच्या तोंडासमोर धरला.